वाळूजची पार्टी

४ जानेवारी, रविवार

बेअरिंगवाला दर वर्षी एक डायरी देतो आणि ती आमच्या मुलीच्या, सायलीच्या कच्च्या कामाला जाते. यंदा मी ठेवून घेतली. घर घ्यायचंय. कोण काय बोललं आणि कोणत्या तारखेला बोललं हे लिहून ठेवलं म्हणजे समोरच्याला शब्द फिरवता येत नाही. वाळूजच्या कंपनीत एकोणीस वर्षं मी परचेसला आहे. तीन कोटेशनं हातात आल्याशिवाय मी साधा नट-बोल्ट घेत नाही. घर घेताना मात्र लोक भाजी घ्यायला निघाल्यासारखे निघतात.

आज मुकुंदवाडीतलं घर पाहिलं. सहाशे फुटांचा प्लॉट, खाली दोन खोल्या, वर दोन, मागे पाण्याचा मोठा हौद. मालक बद्रीनाथ रेल्वेतून रिटायर झालेत आणि बायकोला घेऊन कन्नड तालुक्यातल्या पिशोरला शेतीकडे परत निघालेत. मागणी अठ्ठेचाळीस लाख. एजंटचं नाव तौफिक. तिशीच्या आतला पोरगा, शर्टाच्या खिशात तीन पेनं. एवढी पेनं बाळगणाऱ्या माणसावर मी विश्वास ठेवत नाही.

घरात पाऊल टाकायच्या आधी माझ्या बायकोला, रूपाला बजावलं होतं की कशाचंही कौतुक करायचं नाही. पाच मिनिटांत तिने स्वयंपाकघराची खिडकी उघडली आणि मालकीणबाईंना म्हणाली, "किती उजेड येतो हो इथं." झालं, भाव वाढला. वर मालकीण मनकर्णाबाईंनी आम्हाला कारळाची चटणी आणि भाकरी खाऊ घातली, आणि रूपाने चटणी कशी करतात ते विचारायला म्हणून त्यांचा फोन नंबर घेतला. परत येताना मी तिला सांगितलं की तुझं ते एक वाक्य आपल्याला लाखाला पडलं.  क्रांती चौकात ती म्हणाली, "तिथून जालना रोड चालत दहा मिनिटं. करमाडची बस रोडवरच थांबते."

रूपाची झेडपीची शाळा करमाडच्या पुढे आहे. आम्ही छावणीत भाड्याने राहतो, म्हणजे तिला रोज अख्खं शहर ओलांडावं लागतं. पहाटे पाचला उठते. मला कळत नाही असं नाही. पण म्हणून मागेल त्या भावात घ्यायचं का?

६ जानेवारी, मंगळवार

बेचाळीस सांगितले. तौफिक फोनवर हसला.

"भाऊ, बेचाळीस बोला तो मालक मेरेकु चायबी नहीं पिलाते."

"चहा मी पाजतो. तू आकडा सांग."

सांगतो म्हणाला.

सहा वर्षांत ही माझी बारावी बोलणी. सिडकोतलं एक घर पन्नास हजारांसाठी सोडलं. सातारा परिसरातलं एक, मालकाने पार्किंगचे वेगळे मागितले म्हणून. पडेगावचं तर इसाराच्या दिवशी सोडलं, कारण त्या माणसाने चेक हातात घ्यायला जरा जास्तच घाई केली. ज्यांनी ती घरं घेतली ते आज पस्तावत असतील. रूपा म्हणते त्यातलं सिडकोचं आता दुपटीला गेलंय. तिला कोणी सांगितलं माहीत नाही.

९ जानेवारी, शुक्रवार

रूपा रोज दारातच विचारते, "काय झालं मुकुंदवाडीचं?" चप्पल काढू देत नाही. तिच्या चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं असतं. शिवाय तिच्याकडे मालकिणीचा नंबर आहे. एकदा चटणीचं विचारायला म्हणून फोन लावेल आणि बोलता बोलता आमचं घोडं किती अडलंय ते सांगून बसेल.

म्हणून आज मी तिला सांगून टाकलं की ते घर रद्द. कागदात घोळ आहे.

ती म्हणाली, "कसला घोळ?"

म्हटलं, आहे, तुला नाही समजायचं. ती आत गेली आणि दोरीवरचे कपडे काढून घड्या घालायला लागली. कपडे ओलेच होते. मला दहा मिनिटं वाईट वाटलं. पण सौदा झाला की सरळ किल्ली नेऊन तिच्या हातात ठेवणार आहे. घरही तिच्याच नावावर करायचं, बाईच्या नावावर मुद्रांक शुल्क एक टक्का कमी पडतं. तेव्हा हसेल.

१० जानेवारी, शनिवार

तौफिकला छावणीतल्या बाजारात चहाला बोलावलं. म्हटलं, मालकाला सांग, छावणीची ती नवराबायको आली होती ना, त्यांनी नाद सोडला. आता वाळूजची एक नवीन पार्टी आहे, रोखठोक आहे, घाई नाही.

"वो तो आपच है ना, भाऊ."

"हो. पण ते मालकाला कळायची काय गरज?"

तो कपातल्या चहाकडे बघत बसला. म्हणाला, "झूठ बोलना पडता." म्हटलं, तू एजंट आहेस ना. त्यावर त्याने मान डोलावली, पण त्याला ते लागलं असावं. उगीच दाखवतो.

या धंद्यात कोणालाच नाव नसतं, ही गोष्ट आपल्या उपयोगाची आहे. गिऱ्हाईक आणि मालक परस्पर एक होऊन दलाली बुडवतील म्हणून एजंट गिऱ्हाइकाचं नाव मालकाला सांगत नाही. मालकाकडे कोणी थेट गेलं तर तोही एजंटला नाव सांगत नाही, सांगितलं तर एजंट दलालीसाठी त्याच्याच गळ्यात पडतो. सगळे नुसते 'पार्टी'. छावणीची पार्टी हावरी होती, तिच्या बायकोला खिडकी आवडली होती. वाळूजच्या पार्टीला काहीच आवडलेलं नाही.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. रूपाने तिळगूळ दिला आणि "गोड बोला" म्हणाली नाही. मी म्हणालो. ती हसली. घराचा विषय तिने पाच दिवसांत एकदाही काढला नाही. तिचं डोकं शांत झालंय, म्हणजे माझी युक्ती बरोबर होती.

माझं मात्र शांत नाही. जेवताना फोन ताटाशेजारी ठेवतो. सायली म्हणाली, "पप्पा, त्याला पण वाढू का?"

१७ जानेवारी, शनिवार

तौफिकचा फोन. "भाऊ, एक दूसरी पार्टी आयी. मालक के पास डायरेक्ट. मालक छेचालीस पे आए, वो हौ बोली, एक पैसा कम नहीं किया. बस बँक का होने तक टाइम मंगी."

मला हसू आवरेना. एकोणीस वर्षांत एकही व्हेंडर असा भेटला नाही ज्याचं दुसरं गिऱ्हाईक बाहेर रिसेप्शनला बसलेलं नव्हतं. मी विचारलं, कोण आहे ही पार्टी? नाव काय? तर म्हणे मालक सांगत नाहीत. अर्थात. नसलेल्या माणसाचं नाव कुठून सांगणार?

त्रेचाळीस सांगितले.

तौफिक म्हणाला, "भाऊ, मैं सच्ची बोलरा." फोन ठेवल्यावर छावणीच्या बाजारातून उगाच दोन फेऱ्या मारल्या. काही घ्यायचं नव्हतं. एक झाडू घेतला.

२० जानेवारी, मंगळवार

हळदीकुंकवाचे दिवस. रूपा रोज शाळेतून परस्पर कुणाकुणाकडे जाते, घरी यायला आठ वाजतात. वाणात आज चहाची गाळणी आली, काल प्लास्टिकची डबी. आणि एक बरणी कारळाची चटणी. भाकरीशी खाल्ली. मी म्हटलं, अगदी त्या मुकुंदवाडीच्या घरी होती तशीच चव आहे.

रूपा म्हणाली, "कन्नडकडच्या सगळ्या बायका अशीच करतात."

तिच्या शाळेत कन्नडच्या दोन शिक्षिका आहेत, त्यांनीच दिली असणार. आणखी एक भाकरी घेतली.

२३ जानेवारी, शुक्रवार

आज अर्धा दिवस रजा टाकली. मुकुंदवाडीच्या त्या गल्लीत नळाला पाणी यायचा दिवस होता. घर बघायचं तर पाण्याच्या दिवशी बघावं. नळाला किती जोर आहे आणि शेवटच्या घरापर्यंत पाणी कधी पोहोचतं हे मालक सांगत नाही आणि एजंटला माहीत नसतं. टोपी घालून, तोंडाला रुमाल बांधून गल्लीच्या तोंडाशी उभा राहिलो. पाणी चांगलं आहे. चौदा मिनिटांत ड्रम भरतो.

शेजारच्या साळूबाई पाइप धरून उभ्या होत्या. म्हटलं, हे घर विकायचंय ना?

"इकलंच म्हना आता," त्या म्हणाल्या. "कोनी नोकरीवाली बाई घेणारंय. लई गोड बाई हाय. घरी इचारते अन् सांगते म्हनायची आधी. आता म्हनं इचारनंच सोडलं."

"का?"

"नवरा नाय वाटतं कामाचा."

घ्या. म्हणजे तौफिकने गल्लीसुद्धा पढवून ठेवलीय. पण गोष्ट बेमालूम रचली आहे हे कबूल करतो. घरी येताना मला त्या नसलेल्या नवऱ्याची कीवच आली.

२७ जानेवारी, मंगळवार

चव्वेचाळीस.

किरकोळ: रूपाने सहा महिन्यांच्या पगारपत्रकांच्या झेरॉक्स काढल्या. शाळेत मागितल्या असतील, त्यांना रोज काहीतरी लागतं. शनिवारी तिची शिक्षक पतसंस्थेची मीटिंग होती, रविवारी पुन्हा होती. माझा मेजर टेप सापडेना, सायलीच्या बॅगेत निघाला. म्हणाली कॉलेजचा प्रोजेक्ट आहे. अकरावी सायन्सला भिंती मोजायला लावतात का? शिक्षणाचं काही सांगता येत नाही.

३१ जानेवारी, शनिवार

कंपनीत आज माझ्या हातून ६२०३ च्या जागी ६२०५ नंबरचे बेअरिंग मागवले गेले. चारशे नग. एकोणीस वर्षांत असं झालं नव्हतं. साहेब म्हणाले, "राजकुमार, घरी सगळं ठीक ना?" म्हटलं, घरी सगळं ठीक आहे, घराचंच ठीक नाही. त्यांना कळलं नाही.

बसवत नाही. खुर्चीत बसलो की उठावंसं वाटतं, उठलो की फोन बघावासा वाटतो. तौफिकचा चार दिवस फोन नाही. दुसरी पार्टी खोटी आहे हे मला पक्कं माहीत आहे. मग खोट्या पार्टीची एवढी धास्ती का? काल स्वप्नात त्या पार्टीने घराला निळा रंग दिला होता.

ही डायरी कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो. छावणीतून कंपनीत मी पंचवीस मिनिटांत पोहोचतो. मुकुंदवाडीतून एक तास लागेल, अख्खा जालना रोड तुडवत. दर वेळी आकडा वाढवायचा म्हटला की आधी हा तास आठवतो. पण म्हणून मी घासाघीस करतोय असं नाही. सिडकोचं घरही त्याच बाजूला होतं, हा योगायोग आहे.

३ फेब्रुवारी, मंगळवार

पंचेचाळीस. तौफिक म्हणाला, "भाऊ, मालक ने उस बाई को जबान दे दी. अब छेचालीस भी नहीं लेते किसी और से." बाई. साळूबाईंची गोष्ट आणि याची गोष्ट जुळते आहे. दोघांनी तयारी चांगली केलीय.

रूपा संध्याकाळी गुणगुणत होती. कितीतरी वर्षांनी ऐकलं. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, "काही नाही, पाचवीच्या पोरांचं स्नेहसंमेलन आहे." बरं वाटलं. मी एवढा ताणात असताना घरात कोणीतरी खुशीत आहे.

५ फेब्रुवारी, गुरुवार

आज तौफिकचे तीन फोन. सकाळी अकराला, साडेअकराला, बाराला. मी एकही उचलला नाही. एजंट दिवसातून तीनदा फोन करतो याचा अर्थ एकच, भाव खाली येतोय. त्याला थोडं तळमळू दे.

चार वाजता मेसेज: "भाऊ फोन उठाओ. मालक के घर गया था. अर्जंट बात है. पैसे की नहीं."

पैशाची नाही म्हणे. घराच्या सौद्यात पैशाची नसलेली बात कोणती असते? महिन्याभरात पहिल्यांदा पोटभर जेवलो.

७ फेब्रुवारी, शनिवार

काल त्याचे दोन फोन, आज सकाळी एक. मग दुपारपासून शांत. ही शांतता मला सोसेना. तीन वाजता मीच मेसेज टाकला: साडेशेहेचाळीस, उद्या चेक घेऊन येतो.  मागणीच्या दीड लाख खाली आहे, म्हणजे हरलो असं नाही.

त्याचं उत्तर: "भाऊ आकडा मत बढाओ. घर में बात करो. भाभी से पूछो."

असा एजंट मी पाहिला नाही. आकडा वाढवू नका म्हणणारा. याचा अर्थ घर त्याला स्वतःच्या माणसाच्या घशात घालायचंय. आणि यांना पुरुष ऐकेना की बायकोपर्यंत पोहोचायचं असतं, बायका लवकर हो म्हणतात म्हणून. रूपाला मी काहीच सांगितलं नाही. तिचं उद्या स्नेहसंमेलन आहे, सायलीही सोबत जाणार आहे. बरंच झालं, घर मोकळं. सकाळीच निघतो.

८ फेब्रुवारी, रविवार

नीट क्रमाने लिहितो.

दहा वाजता पोहोचलो. तौफिक फाटकाशीच उभा होता. मला बघून त्याने कपाळाला हात लावला. "भाऊ, मैं तीन दिन से फोन कररा आपको." मी त्याला बाजूला सारून आत गेलो.

बद्रीनाथ खुर्चीत बसले होते. टीपॉयवर स्टॅम्प पेपर. पलंगावर मनकर्णाबाई आणि त्यांच्या शेजारी रूपा. जांभळी साडी नेसलेली, जी ती सणालाच नेसते. मी उंबऱ्यातच थांबलो. जिन्यावरून सायली उतरत होती, तिच्या हातात माझा मेजर टेप होता. मला बघून ती मधल्या पायरीवर थांबली ती तिथेच राहिली.

सगळ्यात आधी माझ्या मनात काय आलं तेही लिहितो. मला वाटलं, तौफिकने हिला पढवून इथं आणली. खरंच वाटलं. दोन क्षण.

बद्रीनाथ उठून उभे राहिले. "या या. बाई म्हनल्या व्हत्या तुमी कामात हाईत म्हनून. आलात, लई बेस झालं. घरातला मानूस पायजेच इसाराला."

रूपाच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता. ती म्हणाली, "तुम्हाला कोणी सांगितलं?"

मी काही बोलायच्या आत बद्रीनाथ दाराकडे बघून तौफिकला म्हणाले, "अन् तुझी ती वाळूजची पार्टी? कवा येणार व्हती? साडेशेचाळीस दितो म्हनती, चेक घिऊन येतो म्हनती. तिला सांगून टाक बाबा, नाय जमत. म्या बाईंना शब्द दिलाय."

तौफिक जमिनीकडे बघत होता.  त्याने माझं नाव शेवटपर्यंत सांगितलं नाही, हे मला लिहून ठेवायचंय.

"ती आलीय," मी म्हणालो.

कोणाला काही कळलं नाही. मी खिशातून चेक काढून टीपॉयवर ठेवला. बद्रीनाथांनी चष्मा लावून वाचला, मग माझ्याकडे बघितलं, मग रूपाकडे. मनकर्णाबाईंना सगळ्यांच्या आधी समजलं. त्यांनी पदर तोंडाला लावला. हसू लपवत होत्या की काय, सांगता येत नाही.

रूपाला वेळ लागला. तिने विचारलं, "कधीपासून?"

"पहिल्यापासून. सोडलंच नव्हतं."

"मग कागदातला घोळ?"

"नव्हता."

 ती अगदी हळू म्हणाली, "मी वकिलाकडून कागद तपासून घेतले. तो म्हणाला, सगळं स्वच्छ आहे, कोणाला घोळ दिसला? मी म्हटलं, आमच्या घरच्यांना त्यातलं नीट समजत नाही. त्याच्यासमोर तुमची बाजू घेतली मी."

यापेक्षा ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

बद्रीनाथ भला माणूस. म्हणाले, "मंग आता मला सांगा, एकाच घरातनं एक शेचाळीस अन् एक साडेशेचाळीस. म्या कोन्तं धरू?"

"शेचाळीस," मनकर्णाबाई म्हणाल्या. "अन् पावती बाईंच्या नावानं. रोज शाळा सुटल्यावर हितं येऊन बसायची पोर. कुठं कपाट ठिवायचं, कुठं पुस्तकं ठिवायची. घर तिचंच हाय."

रूपाने तौफिकला सांगितलं की घर तुम्ही दाखवलंत, तुमचं जे असेल ते मिळेल. तौफिक म्हणाला, "भाभी, वो बाद में." तो घाईने पेन शोधायला लागला. तिन्ही खिशातच होती.

पावतीवर दोन साक्षीदार लागतात. एक तौफिक झाला. दुसरी सही साळूबाईंच्या मुलाची घ्यायची ठरली होती, पण तो शेतावर गेला होता.  मग रूपाने पेन माझ्याकडे धरलं आणि म्हणाली, "करता का?"

मी सही केली. घेणार, रूपा राजकुमार. देणार, बद्रीनाथ. साक्षीदार, मी. नाव, वय, धंदा, पत्ता. पत्त्यापाशी माझा हात थांबला. मग छावणीचाच लिहिला.

बाहेर पडताना तौफिक माझ्या गाडीपर्यंत आला. मी म्हणालो, तू खरं बोलत होतास. तो म्हणाला, "शुरू से, भाऊ." मी त्याची माफी मागितली. फार आधी मागायला हवी होती.

८ फेब्रुवारी, दुपारी

वरचं लिहून पेन ठेवलं होतं. पुन्हा उघडली.

रूपा स्वयंपाकघरात मेथी निवडत होती. मी जाऊन समोर बसलो. म्हटलं, "मला कधी सांगणार होतीस?"

"सामान हलवायच्या दिवशी."

"आधी का नाही?"

"आधी सांगितलं असतं तर तुम्ही बद्रीनाथांना फोन करून पंचेचाळीस म्हणाला असता. ते चिडले असते. घर गेलं असतं." ती मेथीकडेच बघत बोलत होती. "अकरा वेळा गेलं. दर वेळी मी म्हटलं, जाऊ दे, त्यांना समजतं. ते पडेगावचं गेलं तेव्हा मी शाळेच्या बाथरूममध्ये रडले. पोरांना सांगितलं, डोळ्यात खडू गेला. यावेळी ठरवलं, रडायचं नाही."

मी म्हटलं, मला तुला किल्ली द्यायची होती. अचानक. तुझ्याच नावावर घेणार होतो.

"मला किल्ली नको होती. मला विचारायला हवं होतं."

आणि मग मी तो प्रश्न विचारला जो विचारायला नको होता. "आणि सामान हलवायच्या दिवशी मी नाही म्हणालो असतो तर? राहायला आलोच नसतो तर?"

तिचे हात थांबले. तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, आणि म्हणूनच मला भीती वाटली.

"तेही झालं होतं बोलून," ती म्हणाली. "सायली म्हणाली, वरच्या दोन खोल्या भाड्याने देता येतील. दोघींना खालच्या पुरतात."

१० फेब्रुवारी, मंगळवार

दोन दिवस कंपनीत गेलो नाही. तब्येत बरी नाही म्हणून कळवलं. महिनाभर मला वाटत होतं की मी बद्रीनाथांशी घासाघीस करतोय आणि वेळ माझ्या बाजूने आहे. त्याच महिन्यात माझ्याच घरातल्या दोघी तिकडे टेप लावून खोल्या मोजत होत्या, आणि त्या मापात मी नव्हतो. त्या दोघी दुष्ट आहेत असं नाही. रूपाने सकाळी मला चहा दिला, डबाही भरून ठेवला होता. सायली म्हणाली, "सॉरी पप्पा." चूक तिची कुठे होती?

दुपारी कंपनीच्या बसवाल्याला, फकिराला, फोन केला. विचारलं, आपली बस जालना रोडने येते का? म्हणाला, येते, मुकुंदवाडीच्या थांब्यावर सहा चाळीसला. पाच जण चढतात तिथून. एकोणीस वर्षांत मी हे कधी विचारलं नव्हतं.

रूपा साडेसहाला घरी आली. तिने पर्स टांगली, पाय धुतले, पाणी प्याली. तोवर मी दारापाशी नुसता उभा होतो. तिला बसची वेळ सांगितली. ती ऐकत होती. मग म्हणालो, "मी येऊ का तिथं राहायला?"

तिने ग्लास विसळून पालथा घातला.  मला जे काही सांगायचं होतं ते सगळं ओठांवर आलं होतं, मी सकाळचा डबा भरेन, वरच्या खोल्या भाड्याने नाही दिल्या तर हप्त्यात माझा अर्धा वाटा, बरंच काही. ते मी गिळलं.

"वरच्या खोल्यांना भाडेकरू अजून बघितलेला नाही," रूपा म्हणाली, आणि कणीक मळायला घेतली.

मी बरं म्हणालो. त्याहून जास्त काही मागितलं नाही.